स्वस्त जोड-संगणकाची पारख

युरोपात डाळिंब पाठवावयाचे झाल्यास बागेची नोंदणी अपेडाच्या अनारनेट या संगणकीय व्यवस्थेत करावी लागते, आणि कोणते औषध कोणत्या दिवशी किती प्रमाणात फवारले याची तारीखवार नोंद ठेवावी लागते. सांगोला, पंढरपूर व मंगळवेढा भागातील शेतकरी गट त्यासाठी टॅब्लेट व लॅपटॉप अशा दोन्ही कामी येणारा, कळफलक अलग होणारा स्वस्त जोड-संगणक घेण्याचा विचार करू लागले आहेत. वर्गणीचा पैसा एकदाच जमतो. म्हणून यंत्राची पारख खरेदीपूर्वीच झाली पाहिजे.

अशा यंत्रात अल्पशक्तीचा प्रोसेसर असतो. इंटेलने २०२३ साली बाजारात आणलेला एन १०० हा त्याचा चांगला नमुना होय. त्याची नेमून दिलेली वीजमर्यादा ६ वॅट आहे. नेहमीच्या हलक्या लॅपटॉपमधील अनेक प्रोसेसरांची ती १५ वॅट असते. वीज कमी लागल्याने उष्णता कमी, आणि उष्णता कमी असल्याने पुष्कळ यंत्रांत पंखाच नसतो. धुळीच्या प्रदेशात हा मोठाच लाभ आहे. बॅटरीची क्षमता ३० वॅट-तास असून पडद्यासह सर्व यंत्रास ६ वॅट लागत असतील, तर सुमारे पाच तास काम चालते. भारनियमनाच्या दिवशी एवढे पुरे. मात्र तिफणीकडून नांगरटीची अपेक्षा करू नये. नोंदी, पत्रे, हिशेबाचे तक्ते आणि केगाव येथील राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राच्या पुस्तिका वाचणे, एवढी कामे हे यंत्र नीट करते. चित्रफिती जुळविण्याचे काम त्याचे नव्हे.

खरी फसगत प्रोसेसरपेक्षा रॅम व साठवण यांत होते. दुकानदार प्रोसेसरचे नाव मोठ्याने सांगतो, रॅमचा आकडा विचारल्यावाचून सांगत नाही. २ जीबी रॅम व ३२ जीबी साठवण असलेली जुनी ॲटम यंत्रे अद्याप स्वस्तात पुढे केली जातात. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम व ६४ जीबी साठवण लागते. जुने ॲटम प्रोसेसर तर तिच्या मान्य यादीतच नाहीत. असे यंत्र फुकट मिळाले तरीच घ्यावे. बहुतेक जोड-संगणकांत रॅम मूळ पाटीवरच जडविलेली असल्याने ती मागाहून वाढविता येत नाही. सबब ८ जीबी रॅम व १२८ जीबी साठवण यांखाली जाऊ नये.

दुकानात यंत्र हाती घेऊन अर्धा तास काम करून पाहावे. मोबाइलवरून इंटरनेट जोडून एकाच वेळी सातबाराचे संकेतस्थळ, हिशेबाचा तक्ता व एखादी पीडीएफ पुस्तिका उघडावी आणि युनिकोड मराठीत दहा ओळी टंकित कराव्यात. अक्षर कळ दाबल्यावर रेंगाळत उमटत असेल तर यंत्र परत द्यावे. कळफलक काढून पुन्हा दोन-चार वेळा जोडावा. सैल बिजागरी लवकर दगा देते. पेन ड्राइव्ह व छपाईयंत्र लावण्यास पूर्ण आकाराचे यूएसबी छिद्र आहे की नाही, हेही पाहावे. नंतर यंत्र दुकानाबाहेर उन्हात न्यावे. पडदा दिसेनासा झाला, तर बांधावर त्याचा उपयोग नाही.

बांधावरच्या कामाविषयी ग्रामसेवक व कृषी सेवकांनी एक गोष्ट शेतकऱ्यांस आधीच सांगावी. ई-पीक पाहणीचे ॲप अँड्रॉइड फोनसाठी आहे, आणि पिकाचे छायाचित्र शेतात जाऊनच घ्यावे लागते. विंडोजचा जोड-संगणक घेतला म्हणून फोन सुटत नाही.

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांपुढे जातो. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा उभ्या मोटारीत यंत्र ठेवू नये, आणि तापलेले असताना चार्जिंगला लावू नये. ४५ अंशांवरील चार्जिंगने लिथियम बॅटरीचे आयुष्य घटते. पंखा नसलेले यंत्र तापले की आपला वेग आपणच कमी करते. तो बिघाड नव्हे. सावलीत ठेवल्यास थोड्या वेळाने ते पूर्ववत चालते. फवारणीच्या नोंदींची एक प्रत मात्र दर आठवड्यास पेन ड्राइव्हवर काढून गटाच्या सचिवाच्या घरी ठेवावी.