संगणकाची जुनी प्रणाली परत आणणें

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं संगणक आहे, व त्याची कार्यप्रणाली, म्हणजे यंत्राच्या सर्व भागांस चालविणारी मूळ आज्ञावली, दर कांहीं वर्षांनीं बदलते हें त्यांस विदितच आहे. मायक्रोसॉफ्टनें विंडोज ११ ही प्रणाली २०२१ च्या आक्टोबरांत प्रसिद्ध केली. ती विंडोज १० च्या जागीं बसविल्यावर एखादा जुना प्रिंटर मुका होतो, किंवा मराठी अक्षरजुळणीच्या जुन्या आज्ञावलीस लागणारें कुलूप, ज्यास छापखान्यांत डोंगल म्हणतात, तें ओळखलें जात नाहीं. अशा वेळीं मागें फिरतां येतें काय, हें येथें सांगण्याचा आमचा मानस आहे.

नवी प्रणाली बसतांना जुनी लगेच नाश पावत नाहीं, ती ‘विंडोज.ओल्ड’ नांवाच्या कप्प्यांत राहते. बिऱ्हाड बदलल्यावरही जुन्या घराची किल्ली कांहीं दिवस आपल्याजवळ असावी, त्यांतलाच हा प्रकार. मात्र मुदत दहा दिवसांची. २०१५ सालीं विंडोज १० निघाली तेव्हां ती एक महिन्याची होती. पुढच्याच वर्षीं ती कमी करण्यांत आली. ही काटकसर आम्हांस पसंत नाहीं. शाळेच्या कचेरींत प्रगतिपत्रकें छापण्याचा प्रसंग दर दहा दिवसांनीं थोडाच येतो! मुदत सरतांच कप्पा आपोआप पुसला जातो; आणि तो बरीच जागा अडवितो म्हणून साफसफाईच्या भरांत कोणी त्याआधींच पुसला, तरी परिणाम तोच. जाणत्यास विशेष आज्ञा देऊन ही मुदत साठ दिवसांपर्यंत वाढवितां येते, पण ती आज्ञा मूळ मुदतीच्या आंतच दिली पाहिजे.

तोंवर परतणें सोपें आहे. सेटिंग्जमधील सिस्टम, त्यांतील रिकव्हरी, व तेथें ‘गो बॅक’ ही कळ. आपलीं कागदपत्रें व छायाचित्रें शाबूत राहतात. परंतु मधल्या काळांत घातलेल्या आज्ञावली व केलेले फेरफार जातात. जुन्या प्रणालीचा सांकेतिक शब्द आठवत असावा, नाहीं तर आपल्याच दाराबाहेर उभें राहण्याची पाळी येते. कामाच्या सर्व फायलींची प्रत वेगळ्या डिस्कवर आधीं काढावी, हें सांगणें नकोच.

मुदत टळली म्हणजे एकच वाट उरते: डिस्क पुसून जुनी प्रणाली नव्यानें घालणें.

आतां परतावें कीं नाहीं? २००७ च्या जानेवारींत विस्टा ही प्रणाली बाजारांत आली, तेव्हां अनेकांनीं तिला कंटाळून एक्स्पी पुन्हा घेतली. त्यांचें फारसें बिघडलें नाहीं, कारण एक्स्पीस सुरक्षिततेच्या दुरुस्त्या एप्रिल २०१४ पर्यंत मिळत होत्या. विंडोज १० ची गोष्ट निराळी आहे. तिच्या सर्वसाधारण विनामूल्य दुरुस्त्या १४ आक्टोबर २०२५ रोजीं थांबल्या. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांस त्यापुढें एक वर्षाची सवलत जाहीर झाली. दुरुस्ती न मिळणारा संगणक इंटरनेटला जोडून बँकेचे व्यवहार करणें म्हणजे कडी न लावतां निजणें होय.

म्हणून प्रथम प्रिंटरच्या कारखानदारानें नव्या प्रणालीसाठीं चालक आज्ञावली, म्हणजे ड्रायव्हर, दिला आहे काय, हें पाहावें. पुष्कळ वेळां तेवढ्यानेंच काम भागतें. केवळ अक्षरजुळणीसाठींच जुनी प्रणाली हवी असेल, तर एखादा जुना संगणक तेवढ्यापुरता ठेवून त्याची इंटरनेटची जोडणी काढून टाकावी.