फळीवरची मोळी आणि ठाण्याचा चित्रकार

काटेवाडीत तुकोबांच्या पालखीला धोतरांच्या पायघड्या घालतात आणि मेंढ्या पालखीभोवती रिंगण धरतात. बेलवाडीला अश्व धावतो, इंदापुरात पुन्हा रिंगण होतं. त्या मोजक्या दिवसांत या बारामती-इंदापूर पट्ट्याचे जितके फोटो निघतात, तितके बाकी वर्षभरात मिळून निघत नसतील. सराटीला पादुकांना नीरास्नान झालं आणि पालखी अकलूजच्या वाटेला लागली, की इथलं पाहण्यासारखं संपलं असं आपणच ठरवून टाकतो. मला मात्र कायम वाटत आलंय, की चित्रकाराचा खरा हंगाम त्यानंतरचा.

दिवाळी झाली, की बीडकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. फडाच्या कडेला कोप्या उभ्या राहतात. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी, कुठल्याही कारखान्याच्या रस्त्याला पहाटे जाऊन उभं राहावं. साडीवर नवऱ्याचा जुना सदरा चढवलेली बाई डोक्यावर मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून वर चढते. फळी मधोमध वाकते. तिथं ती पाऊल आखडतं घेते, मान ताठ धरते, फळी स्थिरावली की पुढचं पाऊल टाकते. वरचा गडी मोळी ओढून घेतो आणि ती दुसरी आणायला उतरते. ऊस म्हटला की आपण हिरवा रंग काढतो. पण तोडलेल्या फडात हिरवा उरतो तो फक्त वाढ्यांमध्ये. बाकी सगळं पाचटाचं करडं-पिवळं, कांड्यांवरचा जांभळट मेणचट थर आणि ट्रकच्या दिव्यात तरंगणारी धूळ.

हा विषय तैलरंगाचाच आहे. जलरंगात कागद ओला आहे तोवर काम उरकावं लागतं. तैलरंग दिवसेंदिवस ओला राहतो, चुकलेलं खरवडून काढता येतं, थरावर थर चढवता येतो. त्याचं तेलही आपल्या रानातलं आहे. रंग घोटतात ते मुख्यतः जवसाच्या तेलात, आणि पांढरा पुढे पिवळा पडू नये म्हणून तो बऱ्याचदा करडईच्या तेलात घोटला जातो. इंदापूरच्या जिरायत पट्ट्यात ज्वारीच्या जोडीनं करडई पिढ्यान् पिढ्या पिकत आली आहे.

तरीही तैलरंग आपल्याकडे आला तो अशा बायकांसाठी नव्हे. मुंबईची जे. जे. कलाशाळा १८५७ साली सुरू झाली. त्याच वर्षी फ्रान्समध्ये मिले या चित्रकारानं कापणी झालेल्या शेतात सरवा वेचणाऱ्या तीन बायका रंगवल्या, आणि पॅरिसमधल्या वरच्या वर्गाला ते चित्र रुचलं नाही. गरिबांची एवढी प्रतिष्ठा त्यांना खपली नाही. आपल्याकडे तैलरंगाची पहिली गिऱ्हाइकं म्हणजे संस्थानिक, साहेब आणि शेटजी. राजा रविवर्मा यांनी देवादिकांना तैलरंगात उतरवलं, १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो मळवलीला, म्हणजे आपल्याच पुणे जिल्ह्यात, आला. त्या छापील चित्रांतून लक्ष्मी आणि सरस्वती घराघरांतल्या भिंतीवर पोचल्या. भिंतीवर टांगायचं चित्र म्हणजे देवाचं, नाहीतर राजाचं, ही समजूत तिथून पक्की झाली. जे. जे.मध्ये एकेचाळीस वर्षं काढलेल्या चित्रकार धुरंधरांनी रस्त्यावरची माणसं, बायकांचे पेहराव, लगबग हे सगळं अफाट रेखाटलं. पण त्यातलं पुष्कळसं काम पुस्तकांच्या आणि पोस्टकार्डांच्या आकारात राहिलं.

आमच्याकडच्या माणसाला ही जुनी तैलचित्रं समोरासमोर पाहायची तर फलटण, दहिवडी, वडूज करत औंध गाठावं. तिथले संस्थानिक भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारलेल्या संग्रहालयात रविवर्मा आहेत, धुरंधर आहेत, हेन्री मूरचं शिल्पसुद्धा आहे. छापील चित्रावर वाढलेल्या माणसाला तिथं पहिल्यांदा कळतं, की रंगाला जाडी असते आणि कुंचल्याचा फटकारा शंभर वर्षांनीही वाचता येतो.

एकाच जागेला आयुष्य देण्याचा आपल्याकडचा पहिला मोठा दाखला मला आबालाल रहिमान यांच्यात दिसतो. जे. जे.मध्ये नाव कमावून ते मुंबईत थांबले नाहीत, कोल्हापूरला परतले. शाहू महाराजांच्या दरबारचे ते चित्रकार. पण आज त्यांचं नाव निघतं ते दरबारी चित्रांमुळे नव्हे, तर कोटितीर्थामुळे. तळ्याकाठी राहून त्यांनी तेच पाणी, तीच झाडं, तेच काठ वेगवेगळ्या वेळी आणि ऋतूंत रंगवले. १९३१ मध्ये ते गेले. त्यांच्या अफाट कामातलं फार थोडं आज शिल्लक आहे, आणि तेवढ्या थोड्यावरही कोल्हापूरच्या निसर्गचित्रणाची परंपरा उभी राहिली. कोटितीर्थ हे काही जगप्रसिद्ध तळं नव्हे. गावातलं तळं ते. त्यात इतकं सापडतं, तर नीरेच्या डाव्या कालव्यात का सापडू नये?

आपल्या शाळांमध्ये या प्रश्नाचं बीज पेरलेलं होतं, हे सांगितलंच पाहिजे. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना बारामती-इंदापूरच्या पोरांच्या पिढ्या बसल्या. त्यात स्मरणचित्राचा पेपर असे. भाजी बाजार, एसटीचा थांबा, पाणवठा असले विषय यायचे. म्हणजे सरकारी परीक्षाच पोराला सांगत होती, की तू रोज जे बघतोस तेच काढ. पण वर्गात तयारी व्हायची ती ठोकळेबाज: पाठमोरी बाई सोपी, म्हणून बाई पाठमोरी, हात अवघड, म्हणून हातात पिशवी. बाजाराच्या दिवशी बाजारात बसवून चित्र काढून घेणारे शिक्षक होते आणि त्यांची पोरं चटकन ओळखू यायची. त्यांच्या चित्रातली भाजीवाली तागडी धरताना खांदा कसा टाकते, ते बरोबर असायचं. या शिक्षकांचं ऋण कुणी नीट मोजलेलं नाही. त्यांच्याच तालमीतले काहीजण पुढे गावात पाट्या रंगवू लागले, ट्रकच्या फाळक्यावर मोर आणि कमळं काढू लागले. तो ऑइलपेंट होता, डब्यातला. पण आमच्या गावांत तेलातला रंग आणि कुंचला यांची गाठ पडली ती तिथंच. फ्लेक्स आला आणि ते हात दुसऱ्या कामाला लागले.

आता ज्यांच्यासाठी हा सगळा मागोवा घेतला, त्या चित्रकाराकडे येतो. सुधीर पटवर्धन यांचा जन्म १९४९ सालचा, पुण्यातला. पुण्याच्याच ए. एफ. एम. सी.मधून १९७२ मध्ये ते डॉक्टर झाले, पुढच्या वर्षी मुंबईला गेले. १९७५ पासून ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून त्यांनी काम केलं, ते थेट २००५ पर्यंत. कलाशाळेची पदवी नाही. दवाखाना आणि कॅनव्हास दोन्ही तीस वर्षं एकाच गावात चालवले. आज मोठं नाव झालेला हा चित्रकार रोज साध्या माणसांना भेटत होता, त्यांच्या दुखण्याच्या कागदांवर सही करत होता आणि उरलेल्या वेळात रंगवत होता, हे मला त्यांच्या कुठल्याही सन्मानापेक्षा मोठं वाटतं.

त्यांची सत्तरच्या दशकातली माणसं पाहा. ‘रनिंग वुमन’ आणि ‘इराणी रेस्टॉरंट’ ही चित्रं १९७७ ची. पुढे ‘ट्रेन’ १९८० चं. ही माणसं जड आहेत, जागा अडवणारी आहेत. कष्ट करणाऱ्या माणसाच्या अंगाचा भार त्यांनी रंगातून उभा केला. चित्रात जो माणूस आहे त्यालाही ते चित्र आपलं वाटावं, त्यानं ते आनंदानं पाहावं, अशी त्यांची इच्छा होती आणि ती त्यांनी जाहीरपणे मांडलीही. १९७९ मध्ये दिल्लीत पहिलं एकल प्रदर्शन झालं. १९८१ च्या ‘प्लेस फॉर पीपल’ या प्रदर्शनात भूपेन खख्खर, गुलाममोहम्मद शेख, विवान सुंदरम, जोगेन चौधुरी, नलिनी मलानी यांच्याबरोबर ते होते. अमूर्त चित्रांचा दबदबा असलेल्या त्या काळात या सहाजणांनी माणसाला आणि त्याच्या गोष्टीला कॅनव्हासवर हक्काची जागा मागितली.

पुढच्या वर्षी गिरणी संप झाला. पटवर्धनांच्या चित्रांत एकटा माणूस मागे सरकत गेला आणि त्याच्याभोवतीचं गाव पुढे येऊ लागलं. ‘टाउन’ १९८४ चं, ‘पोखरण’ १९९१ चं. ठाण्याच्या पोखरण रोडचं नाव ज्यांनी फक्त फ्लॅटच्या जाहिरातीत वाचलंय, त्यांनी ते चित्र अवश्य पाहावं. २००१ च्या ‘लोअर परळ’मध्ये जुनी गिरणगावची वस्ती आणि वर चढणारं नवं शहर एकाच नजरेत सामावलंय. या काळात ते ॲक्रिलिककडेही वळले. पण पाहण्याची रीत तीच राहिली. ठाणं त्यांच्या डोळ्यांदेखत बदललं आणि ते जागचे हलले नाहीत, म्हणून बदल चित्रात आला. एका दिवसासाठी आलेल्या माणसाला बदल दिसतच नाही; त्याला फक्त देखावा दिसतो. त्यांच्या सगळ्या कामातून मी एवढंच उचललं आहे, आणि ते मला पुरेसं आहे.

आणखी एक गोष्ट त्यांनी केली, तिची महाराष्ट्रानं हवी तेवढी कदर केली नाही. २००८-०९ मध्ये त्यांनी समकालीन भारतीय चित्रकारांचं मोठं प्रदर्शन रचलं आणि ते मुंबईबाहेर, महाराष्ट्रातल्या इतर शहरांत फिरवलं. मूळ चित्रं लोकांकडे नेली. २०१९ च्या अखेरीस मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात ‘वॉकिंग थ्रू सोल सिटी’ हे त्यांचं सिंहावलोकन भरलं, नॅन्सी अदजानिया यांनी ते मांडलं होतं. पन्नास वर्षांचं ठाणं-मुंबई एका इमारतीत उभं होतं.

हे सगळं वाचताना माझ्या डोळ्यांपुढे आपलीच शीव येते. १८८५ च्या सुमाराला नीरा डावा कालवा वाहू लागला आणि ज्वारी-बाजरीच्या रानाला ऊस माहीत झाला. वालचंदनगर उभं राहिलं, मग सहकारी कारखाने आले. १९८० मध्ये उजनी धरण पुरं झालं आणि भीमेकाठची गावं पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी उतरलं, की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं. ज्या लोकांची शेतं बुडाली, त्याच पाण्यावर आज भिगवणचा मासळी बाजार चालतो. इतका मोठा बदल तीन-चार पिढ्यांत पचवलेला मुलूख चित्रकाराला पन्नास वर्षं पुरेल. कुंभारगावला रोहित पक्षी टिपायला लांबून कॅमेरे येतात, ते येवोत. पण होडीच्या तळाशी साचलेलं पाणी डब्यानं उपसणारा माणूस, जाळ्यातून चिलापी सोडवताना त्याच्या बोटांना पडलेले चरे, काठावर चुलीवर रटरटणारं कालवण, हे टिपायला शेजारचाच माणूस लागेल. तसंच माळावरचं. संध्याकाळी धनगर शेतात वाघर लावतो, मेंढ्या आत घेतो, आणि सूर्य टेकता टेकता लोकरीचा रंग मातीहून वेगळा काढणं अशक्य होतं. करडा आणि तांबूस यांच्यातला तो फरक तैलरंगात घासून घासूनच सापडतो. वर्षानुवर्षं सूर्यास्ताला त्या बांधावर बसलेल्यालाच तो सापडतो.

घाई करायचं कारणही आहे. फडात आता हार्वेस्टर उतरलेत. यंत्र उसाचे तुकडे करून थेट ट्रॉलीत टाकतं; तिथं मोळी नाही, फळी नाही. त्या बाईच्या डोक्यावरचं ओझं जायलाच हवं, त्याबद्दल कुणाचं दुमत असू नये. पण एवढी वर्षं आपल्या तालुक्यांची साखर जिच्या मानेवरून गेली, तिचं एक तरी मोठं, नीट रंगवलेलं चित्र आपल्याकडे असलं पाहिजे. कारखान्यांच्या सभागृहांत संस्थापकांची तैलचित्रं आहेत, बाजार समितीत पुढाऱ्यांची आहेत, आणि ती असावीत. माझी मागणी त्यांच्या शेजारच्या रिकाम्या भिंतीची आहे. एखाद्या कारखान्यानं इथल्याच चित्रकाराला एक पूर्ण गळीत हंगाम फडावर राहण्याची सोय करून द्यावी, कॅनव्हास आणि रंगांचा खर्च उचलावा, आणि पुढच्या मोळीपूजनाला चित्र टांगावं. आकार संस्थापकांच्या चित्राहून लहान नको. आणि ते उघडण्याच्या दिवशी टोळीतल्या बायकांना बोलवावं, म्हणजे पाऊल फळीवर बरोबर पडलंय की नाही, ते त्याच सांगतील.