गुग्गुळ : वैद्याच्या खलातून कॅप्सूलमध्ये
(लेखमाला : औषधी डिंक आणि चीक, भाग 4)

कोलेस्टेरॉल वाढल्याचा रिपोर्ट हातात पडला की ‘गुग्गुळ सुरू कर, चरबी झडेल’ असं सांगणारं कुणीतरी घरात नाहीतर शेजारी भेटतंच. सल्ला मनापासून दिलेला असतो आणि तो अगदीच निराधारही नाही. पण तो आधार कितपत भक्कम आहे, ते या भागात पाहू.

मागच्या भागातला हिंग मुळातून निघतो, गुग्गुळ खोडाफांद्यांतून. कच्छ, सौराष्ट्र, राजस्थान आणि पलीकडे सिंध-बलुचिस्तानच्या कोरड्या, खडकाळ जमिनीवर गुग्गुळाचं काटेरी झुडूप वाढतं. त्याच्या सालीचे कागदासारखे पापुद्रे सुटतात आणि वर्षातले बरेच महिने अंगावर पानं नसतात. थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत सालीवर खाचा पाडतात. त्यांतून पाझरलेल्या पिवळसर चिकाचे हवेवर सुकून तपकिरी खडे होतात.

हे खडे बाजारात येतात ते सालीचे तुकडे, वाळू, काडीकचरा घेऊनच. म्हणून वैद्य आधी त्यांचं शोधन करतात. खडे फोडून कापडाच्या पुरचुंडीत बांधायचे आणि पुरचुंडी उकळत्या त्रिफळ्याच्या काढ्यात अधांतरी टांगायची. तासाभरात काढा दाट, गढूळ होऊ लागतो. डिंक कापडातून बाहेर उतरतो आणि आत उरते साल आणि रेती. गाळलेला काढा आटवून जो गोळा मिळतो, तो तूप लावून खलात कुटायचा. कुटता कुटता त्याचा चिवटपणा जातो, तो मेणासारखा मऊ होतो आणि मग त्यात इतर चूर्णं मिसळून गोळ्या वळतात. योगराज, त्रिफळा, कांचनार, गोक्षुरादि, कैशोर ही सगळी नावं अशा मिश्रणांची. शास्त्रात नवा गुग्गुळ शरीर भरणारा आणि जुना मेद खरवडणारा मानला आहे. एकट्या गुग्गुळाची गोळी सगळ्यांना सारखी, असा प्रकार त्या परंपरेत नव्हता.

आधुनिक संशोधनाची सुरुवातही परंपरेतूनच झाली. सुश्रुतसंहितेत स्थूलतेवर सांगितलेल्या उपायांत गुग्गुळ आहे. हे वर्णन रक्तातल्या चरबीच्या विकारांशी जुळतं, हे हेरून जी. व्ही. सत्यवती यांनी बनारस हिंदू विद्यापीठात सशांवर प्रयोग केले आणि 1966मध्ये आपला प्रबंध सादर केला. संस्कृत ग्रंथ आणि प्रयोगशाळा यांना इतक्या नेटकेपणाने जोडणारी कामं आपल्याकडे फार थोडी आहेत. पुढे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने गुग्गुळाच्या अर्कावर काम केलं आणि 1980च्या दशकात तो ‘गुग्गुलिपिड’ म्हणून औषधाच्या दुकानात पोहोचला. त्यातल्या गुग्गुलस्टेरॉन या घटकावर 2002मध्ये अमेरिकी संशोधकांनी ‘सायन्स’मध्ये लिहिलं. यकृताच्या पेशींत पित्ताम्लांची पातळी ओळखणारा एक ग्राहक असतो. पित्ताम्लं पुरेशी झाली की कोलेस्टेरॉलपासून ती बनवणं तो थांबवतो. गुग्गुलस्टेरॉन या ग्राहकालाच अडवतं, असं त्यांना दिसलं.

पुढच्याच वर्षी चित्र उलटं झालं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी कोलेस्टेरॉल जास्त असलेल्या 103 जणांवर आठ आठवडे चाचणी केली. निम्न घनतेचं, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल गुग्गुलिपिड घेणाऱ्यांमध्ये उतरायच्या ऐवजी चार-पाच टक्क्यांनी वाढलं, तर औषधविरहित गोळी घेणाऱ्यांमध्ये ते पाच टक्के घटलं. काहींच्या अंगावर पुरळही उठलं. भारतातल्या आधीच्या अभ्यासांत निकाल बरे आले होते. लोकांचा आहार आणि प्रकृती वेगळी, म्हणून हा फरक पडला असं म्हणता येईल, पण ते सिद्ध झालेलं नाही. त्यामुळे हृदयविकाराचा धोका असलेल्या माणसाने डॉक्टरांनी दिलेली कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिनची गोळी बंद करून गुग्गुळावर विसंबणं धोक्याचं आहे, असं मी स्पष्ट म्हणेन.

सांधेदुखी हा गुग्गुळाचा जुना प्रांत. पेशींवरच्या प्रयोगांत गुग्गुलस्टेरॉन सूज वाढवणाऱ्या प्रक्रियांना लगाम घालताना दिसतं. माणसांवरचे अभ्यास मात्र लहान आहेत, म्हणून इथे आशा बाळगावी, हमी मागू नये.

आणि औषध म्हटलं की त्याची दुसरी बाजूही आली. पोट बिघडणं, डोकेदुखी, पुरळ हे त्रास होतात. रक्तदाबाच्या प्रोप्रानोलॉल आणि डिल्टियाझेम या औषधांचं रक्तातलं प्रमाण गुग्गुळामुळे घटतं. थायरॉइडची गोळी किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर डॉक्टर आणि वैद्य दोघांनाही सांगायलाच हवं. गरोदरपणी तो टाळावा. महायोगराज गुग्गुळात तर धातूंची भस्मं असतात, तो स्वतःच्या मनाने आणून घेऊच नये.

या सगळ्यात झुडपाची आठवण कुणी काढत नाही. ते सावकाश वाढतं, चीक देण्याजोगं व्हायला आठ-दहा वर्षं लागतात. जास्त चीक मिळावा म्हणून खोलवर खाचा पाडल्या, वर उत्तेजक द्रव्यं चोपडली की ते बहुतेक वेळा मरतंच. आज आययूसीएनच्या लाल यादीत ते ‘अतिसंकटग्रस्त’ आहे. मागणी वाढत असताना खडा दुर्मीळ झाला, की भेसळ आलीच. जुन्या ग्रंथांत परीक्षा दिली आहे : अस्सल गुग्गुळ उन्हात मऊ पडतो, विस्तवावर जळतो आणि गरम पाण्यात घातला की पाणी दुधाळ होतं. तरी त्यात मिसळलेला दुसरा डिंक घरच्या घरी ओळखणं अवघडच असतं.

अशा भेसळीत सापडणारा एक डिंक सातपुड्यात आणि मेळघाटात आपल्याच डोंगरांवर मिळतो. तो सालईचा. ‘सालई गुग्गुळ’ या नावाने विकला जात असला तरी त्याचं झाड वेगळं आणि गुणही वेगळे. पुढच्या आठवड्यात त्याच्याबद्दल.