नारळ की अभय?

कल्याण-शीळ रस्त्यावर रात्री दहानंतर दोनच गोष्टी जोरात चालतात: ट्रक आणि टर्फ. जाळीच्या आत पाच-पाच जणांचे संघ तासाच्या भाड्यानं खेळत असतात. अंगावर मँचेस्टर युनायटेड, आर्सेनल, बार्सिलोना आणि मधूनच एखादी मुंबई सिटीची निळी जर्सी. स्लॉट संपतो, पोरं बाहेर येतात आणि वाद सुरू होतो. तो बहुतेक वेळा खेळाडूंवर नसतो, कोचवर असतो. एका गटाचं म्हणणं, ‘याला आता नारळ द्या.’ दुसऱ्याचं, ‘अरे, जरा वेळ तरी द्याल की नाही?’ दोघांची जर्सी एकच, क्लब एकच, पाहिलेला सामनाही एकच. तरी निकाल दोन. असं का होतं?

कोल्हापुरात याचं उत्तर वेगळं मिळेल. तिथे पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ ही नावं पेठेतून आणि तालमीतून येतात. शाहू स्टेडियमवर कुणासाठी ओरडायचं, हे माणूस जन्मतो तेव्हाच बहुधा ठरलेलं असतं. शीळफाट्याला असा घरचा क्लब नाही. मुंब्रा, महापे, पनवेल आणि कल्याणकडचे रस्ते जिथे एकमेकांत गुंततात, त्या नाक्याभोवती गेल्या काही वर्षांत टॉवर उभे राहिले आणि माणसं दहा ठिकाणांहून राहायला आली. त्यांना क्लब मिळाला तो टीव्हीवरून. टीव्हीवरून मिळालेला क्लब नेहमी कुठल्या तरी एका कोचच्या काळातला असतो. या वादाची मेख तिथेच आहे.

ज्याची त्याची मोजपट्टी

आर्सेनलचं उदाहरण घ्या. आर्सेन वेंगर १९९६मध्ये आले. २००३-०४च्या मोसमात त्यांच्या संघानं प्रीमियर लीगचे ३८ सामने खेळले आणि एकही हरला नाही. तो मोसम पाहून जो चाहता झाला, त्याच्या लेखी वेंगर म्हणजेच आर्सेनल. पण जो २०१०च्या आसपास आला, त्यानं दरवर्षी चौथ्या क्रमांकासाठीची झटापट आणि मोठ्या संघांकडून खाल्लेला मार एवढंच पाहिलं. १८ मार्च २०१७ रोजी वेस्ट ब्रॉमविच अल्बियनच्या मैदानावर आर्सेनल ३-१ असं हरलं. त्या दिवशी स्टेडियमवरून दोन विमानं फलक ओढत गेली. एका फलकावर वेंगरना घालवण्याची मागणी होती, दुसऱ्यावर त्यांच्यावरचा विश्वास. दोन्हींचे पैसे चाहत्यांच्याच खिशातले.

मुंबई सिटीच्या चाहत्यांतही अशाच पिढ्या आहेत, फक्त त्या दोन-तीन वर्षांच्या आहेत. २०१४मध्ये क्लब स्थापन झाला, तेव्हा कोच होते पीटर रीड. पुढच्या वर्षी निकोला अनेल्का खेळाडू आणि मॅनेजर अशा दोन्ही भूमिकांत होता. त्या काळापासूनचा चाहता सातव्या-सहाव्या क्रमांकांची सवय घेऊन वाढला. नोव्हेंबर २०१९मध्ये मँचेस्टर सिटीची मालक कंपनी असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपनं क्लबमधला ६५ टक्के हिस्सा घेतला. २०२०-२१मध्ये नवे कोच सर्जिओ लोबेरांनी इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) साखळीत अव्वल येणाऱ्याची लीग शिल्ड आणि प्लेऑफनंतरचा करंडक दोन्ही जिंकून दिले. १३ मार्च २०२१च्या अंतिम सामन्यात अगदी शेवटी बिपिन सिंगनं गोल केला आणि एटीके मोहन बागान २-१नं हरलं. जो चाहता त्या रात्री मुंबईचा झाला, त्याच्यासाठी पाचवा क्रमांक म्हणजे नापास. रीडच्या काळातल्यासाठी तीच चांगली प्रगती.

म्हणजे दोघं कोचबद्दल बोलतात असं वाटतं खरं, पण प्रत्यक्षात प्रत्येक जण स्वतःच्या पहिल्या मोसमाशी आजचा मोसम ताडून पाहत असतो.

काढला आणि जिंकले

‘नारळ’वाल्यांचा सर्वांत भक्कम दाखला गोव्यातला आहे. २०१७पासून लोबेरांनी एफसी गोवाला देखणं, आक्रमक फुटबॉल शिकवलं. २०१९मध्ये सुपर कप मिळाला. ३१ जानेवारी २०२० रोजी संघ गुणतालिकेत अव्वल होता, साखळीचे तीन सामने उरले होते आणि क्लबनं लोबेरांना निरोप दिला. चाहते हादरले. अव्वल संघाच्या कोचला कुणी काढतं का?

सूत्रं आली गोव्याच्याच क्लिफर्ड मिरांडांकडे. गोव्यानं उरलेले तिन्ही सामने जिंकले आणि एकूण १४ गोल केले. त्यात मुंबईला ५-२ आणि जमशेदपूरला ५-० असा दणका होता. लीग शिल्ड मिळाली, आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटात जाणारा पहिला भारतीय क्लब म्हणून नाव झालं. मग उपांत्य फेरीत चेन्नईयिननं दोन सामन्यांत मिळून ६-५नं हरवलं. पुढच्या मोसमात लोबेरा मुंबईला आले. मूर्तादा फॉल, अहमद जाहू, ह्युगो बूमू, मंदार राव देसाई हे गोव्याचे मोहरेही मुंबईत आले. त्या मोसमाच्या उपांत्य फेरीत मुंबईनं हरवलं कुणाला? गोव्यालाच, पेनल्टी शूटआउटमध्ये ६-५नं.

आता सांगा, गोव्याचा निर्णय बरोबर की चूक? फेब्रुवारी २०२०मध्ये विचारलं असतं तर बरोबर, मार्च २०२१मध्ये विचारलं असतं तर चूक.

ठेवला आणि जिंकले

‘वेळ द्या’वाल्यांचा दाखला मुंबईतच आहे. ऑक्टोबर २०२१मध्ये लोबेरांच्या जागी ३६ वर्षांचे डेस बकिंगहॅम आले. सुरुवात झकास झाली. १ डिसेंबरला एटीके मोहन बागानला ५-१ असं लोळवलं. मग घसरण सुरू झाली. गतविजेता संघ पाचवा आला, प्लेऑफही हुकला. ‘लोबेरांनी दिलेला संघ यानं घालवला’ म्हणणारे अनेक होते, आणि गुणतालिका त्यांच्या बाजूनं होती. क्लबनं बकिंगहॅमना ठेवलं. एप्रिल २०२२मध्ये रियाधला मुंबईनं इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१नं हरवलं. आशियाई चॅम्पियन्स लीगमधला भारतीय क्लबचा तो पहिला विजय. त्यापुढच्या मोसमात संघ सलग १८ सामने अपराजित राहिला. ५४ गोल आणि ४६ गुण घेऊन शिल्ड मुंबईत आली.

पण हा दाखला वापरताना एक सावधगिरी हवी. संयमाच्या बाजूनं बोलणारा प्रत्येक जण अखेर अॅलेक्स फर्ग्युसनांकडे येतो. १९८६मध्ये ते मँचेस्टर युनायटेडला आले. १९८९-९०मध्ये संघ लीगमध्ये तेरावा होता आणि प्रेक्षकांत त्यांना घरी धाडणारा फलक झळकला होता. त्याच मोसमात एफए कप मिळाला, पुढे १३ लीग विजेतेपदं आली. गोष्ट खरीच आहे. पण ज्यांना वेळ दिला आणि तरीही काहीच घडलं नाही, त्या कोचची गोष्ट कुणी सांगत नाही. आठवणीत उरतात ते यशस्वी झालेले.

याच युनायटेडनं २०१३नंतर मोयेस, व्हॅन गाल, मोरिन्हो, सोल्स्क्येर या सगळ्यांना काढलं. टेन हाग यांच्या बाबतीत तर दोन्ही उपाय एका वर्षात करून पाहिले. मे २०२४मध्ये एफए कप जिंकल्यावर करार वाढवून दिला आणि ऑक्टोबरअखेर काढून टाकलं.

ताप आणि डॉक्टर

कोच बदलल्यावर संघ सुधारतो, हे चाहत्यानं डोळ्यांनी पाहिलेलं असतं. त्याचं पाहणं खोटं नाही, पण कारण वेगळं असू शकतं. कोच काढला जातो तो संघ तळाला गेल्यावर. चार-पाच सामने ओळीनं हरलेला बरा संघ तसाही कधीतरी जिंकायला लागतोच. तापाच्या तिसऱ्या दिवशी डॉक्टर बदलला आणि चौथ्या दिवशी ताप उतरला, की श्रेय नव्या डॉक्टरला मिळतं. डच अर्थतज्ज्ञ बास तेर वील यांनी १९८६ ते २००४ या काळातल्या नेदरलँड्सच्या लीगचा अभ्यास केला. तशीच घसरण होऊनही ज्यांनी मॅनेजर बदलला नाही, असे संघही त्यांनी ताडून पाहिले. तेही जवळपास तसेच सावरले होते.

याचा अर्थ कोचला किंमत नाही असा नव्हे. त्याच्या हातात काय आहे आणि काय नाही, हे आधी वेगळं करायला हवं. फर्ग्युसन खेळाडू निवडायचे, विकायचे, क्लबची घडीही बसवायचे. आजचा कोच बहुतेक ठिकाणी मिळालेल्या संघाला खेळवतो. कुणाला घ्यायचं, कुणाला सोडायचं हे ठरवण्यात व्यवस्थापनाचा वाटा मोठा असतो.

मुंबईचंच पाहा. नोव्हेंबर २०२३मध्ये बकिंगहॅम इंग्लंडच्या ऑक्सफर्ड युनायटेडला गेले. सिटी फुटबॉल ग्रुपच्याच मेलबर्न सिटीमधून पेत्र क्रात्की आले आणि ४ मे २०२४ रोजी कोलकात्यात मोहन बागानला ३-१नं हरवून त्यांनी करंडक आणला. त्या उन्हाळ्यात आपुइया मोहन बागानला गेला. पेरेरा डियाझ, नोगेरा आणि राहुल भेके बंगळुरूला गेले. २०२४-२५मध्ये मुंबई ३६ गुणांसह सहावी आली. शेवटच्या साखळी सामन्यात बंगळुरूला त्यांच्याच मैदानावर २-०नं हरवून प्लेऑफची जागा मिळवली आणि लोबेरांचा ओडिशा संघ बाहेर राहिला. पण २९ मार्चला त्याच मैदानावर त्याच बंगळुरूकडून मुंबई ५-०नं हरली.

पाच गोलांचा दोष क्रात्कींना द्यायचा, की ज्यांनी ते खेळाडू जाऊ दिले त्यांना? इथे ‘नारळ’ आणि ‘अभय’ दोन्ही उत्तरं अपुरी पडतात. क्लबनं क्रात्कींना ठेवलं. पुढे लीगचाच कारभार अडकला आणि २०२५-२६चा मोसम वेळेवर सुरू झाला नाही. डिसेंबर २०२५मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपनं आपला हिस्सा सोडला. कोचला खुर्चीत ठेवणारा मालकच उठून गेला.

कोचची बाजू विसरू नये. बकिंगहॅम यांनी मे २०२४मध्ये ऑक्सफर्डला इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीत नेलं आणि डिसेंबरमध्ये त्यांना नारळ मिळाला. मुंबईत ज्याला वेळ दिल्याचं फळ मिळालं, त्याला तिथे तेवढा वेळ मिळाला नाही.

वाद घालावा, पण असा

मग टर्फबाहेरच्या वादात उपयोगी पडतील असे तीन प्रश्न. पहिला, संघ हरतोय की वाईट खेळतोय? संधी निर्माण होत असतील आणि गोल हुकत असतील, तर थांबणं शहाणपणाचं. संधीच नसतील तर जिंकलेले सामनेही फसवे. दुसरा, यंदा कोचच्या हातात गेल्या वर्षीपेक्षा चांगले खेळाडू आहेत की कमी दर्जाचे? तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा, काढला तर येणार कोण? गोव्याकडे क्लिफर्ड मिरांडा होते, मुंबईकडे मेलबर्नहून येणारा माणूस होता. म्हणून ते बदल जमले. फर्ग्युसननंतरच्या युनायटेडकडे बहुतेक वेळा फक्त संताप होता.

या प्रश्नांनी वाद मिटणार नाही. आयएसएलमध्ये खालच्या श्रेणीत घसरण्याची भीती २०२४-२५पर्यंत नसल्यामुळे मालकाला घाई नसायची आणि चाहत्याचं मत कुणी विचारतही नाही. शीळफाट्याच्या चाहत्याला मुंबई सिटीचा अंधेरीतला सामना पाहायचा तर डोंबिवलीहून लोकलनं घाटकोपर, तिथून मेट्रोनं आझाद नगर आणि रात्री उलटा प्रवास. एवढं करून जो जातो, त्याला कोचवर बोलायचा पुरता हक्क आहे. मात्र पुढच्या वेळी बोट दाखवताना त्यानं कोचच्या मागच्या खोलीकडेही दाखवावं. खेळाडू तिथून जातात, करार तिथे होतात आणि नारळही तिथूनच येतो.