लैंगिक कल आणि आनुवंशिकता

काही पुरुषांना पुरुषांविषयी व काही स्त्रियांना स्त्रियांविषयी आकर्षण वाटते, ही गोष्ट मानवी इतिहासाला नवी नाही. हा कल रक्तातून येतो की संगतीने घडतो, हा वाद मात्र अद्याप मिटलेला नाही. आपल्या मुलाविषयी असे काही कळले म्हणजे ‘हे आले कोठून? आमचे कोठे चुकले?’ असा प्रश्न आईबापांच्या मनात उभा राहतो. शास्त्र त्याला काय उत्तर देते, ते श्रोतेहो, आज आपण पाहू.

आनुवंशिकतेचा माग काढताना शास्त्रज्ञ जुळ्या भावंडांकडे वळतात. एकबीज जुळ्यांची जनुके जवळजवळ सारखी असतात. द्विबीज जुळ्यांत मात्र इतर सख्ख्या भावंडांइतकेच साम्य असते. अमेरिकेत मायकेल बेली व रिचर्ड पिलार्ड यांनी १९९१ साली समलिंगी पुरुषांच्या भावांची पाहणी प्रसिद्ध केली. एकबीज जुळ्यांपैकी ५२ टक्के भाऊ समलिंगी आढळले, द्विबीज जुळ्यांपैकी २२ टक्के, तर दत्तक भावांपैकी ११ टक्के. आनुवंशिकतेचा हात येथे दिसतो. पण सारा कारभार जनुकांचाच असता, तर ५२च्या जागी १०० हा आकडा आला असता. शिवाय ही माणसे जाहिराती देऊन जमविलेली होती. ऑस्ट्रेलियातील जुळ्यांच्या नोंदवहीच्या आधारे बेली व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली पुन्हा पाहणी केली, तेव्हा एकबीज जुळ्या पुरुषांतील प्रमाण सुमारे २० टक्केच भरले.

मग ते जनुक कोणते? १९९३ साली डीन हेमर यांनी समलिंगी भावांच्या ४० जोड्या तपासल्या. त्यांपैकी ३३ जोड्यांत एक्स गुणसूत्राच्या टोकाचा एक भाग समान आढळला. वृत्तपत्रांनी लगेच ‘समलिंगी जनुक’ सापडल्याचा गाजावाजा केला. परंतु १९९९ साली कॅनडातील भावांच्या तपासणीत त्या निष्कर्षाला दुजोरा मिळाला नाही. पुढे २०१९ साली सुमारे पावणेपाच लाख लोकांच्या, मुख्यतः युरोपीय वंशाच्या, जनुकीय माहितीचे विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात पाच जागा हाती लागल्या. पण प्रत्येकीचा प्रभाव अगदी अल्प. सर्व सामान्य जनुकीय भेद एकत्र धरले, तरी समलिंगी संबंधांच्या बाबतीत माणसामाणसांत दिसणाऱ्या फरकापैकी ८ ते २५ टक्केच त्यांच्याकडे लावता येतो. हे प्रमाण समुदायाचे आहे. त्यावरून एखाद्या व्यक्तीचे भाकीत करता येत नाही.

‘मग उरलेला भाग संगतीचा,’ असे कोणी म्हणेल. येथेच विचाराची गल्लत होते. जे जनुकांत नाही, ते सारे माणसाने निवडलेले किंवा घराने शिकविलेले असते, असे नव्हे. ज्याला थोरले भाऊ अधिक, तो समलिंगी असण्याची शक्यता काहीशी वाढते, असे अनेक पाहण्यांत आढळले आहे. त्याचे कारण गर्भावस्थेत असावे, असा संशोधकांचा तर्क आहे. डावखुरेपणाचे उदाहरण घ्या. एकबीज जुळ्यांतही एक डावखुरा व दुसरा उजवा असू शकतो. म्हणून डावखुऱ्याने आपला हात निवडला, असे आपण म्हणत नाही. त्या हातावर छड्या मारून मात्र आपण पुष्कळ मुले रडविली. आईबापांच्या वळणामुळे हा कल निर्माण होतो, असा भरवशाचा पुरावा नाही. तेव्हा त्यांनी स्वतःला दोष देण्याचे कारण नाही, आणि मुलाला तर नाहीच नाही.

हा कल जन्मजात ठरला म्हणजे आपोआप न्याय मिळेल, अशी आशाही इतिहासाने खोटी पाडली आहे. जर्मनीत माग्नुस हिर्शफेल्ड यांनी समलिंगी संबंधांना गुन्हा ठरविणाऱ्या कायद्याविरुद्ध १८९७ साली चळवळ उभारली, ती हा कल निसर्गदत्त आहे या भूमिकेवरच. पण १९३३ साली नाझींनी त्यांची संस्था लुटली, ग्रंथ जाळले आणि १९३५ साली तो कायदा अधिकच कडक केला. उलट, भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांचे परस्परसंमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले, तेव्हा निकालाचा पाया समता, खाजगीपणा व मानवी प्रतिष्ठा या संविधानातील तत्त्वांचा होता.

जनुकांचा शोध चालू राहील, आणि तो राहावा. कल कोठून येतो, हे प्रयोगशाळेने सांगावे. त्या माणसाशी कसे वागावे, हे ठरविण्यासाठी मात्र तिच्या अहवालाची वाट पाहण्याचे कारण नाही.