सणाचे ताट आणि ऋतू : शब्दांच्या साक्षीने एक अभ्यास



सणांविषयी बोलताना एक विधान आपल्या कानांवर वारंवार पडते : 'आपल्या प्रत्येक सणामागे आरोग्याचे शास्त्र आहे.' हे विधान संपूर्ण खोटे नाही. म्हणूनच ते तपासणे अवघड जाते. लोकसंस्कृतीचे अभ्यासक म्हणून तुम्ही ते स्वीकारण्यापूर्वी किंवा नाकारण्यापूर्वी दोन प्रश्न एकमेकांपासून वेगळे ठेवावेत. एखादा पदार्थ त्या दिवशी ताटात आला कसा, हा पहिला प्रश्न. तो खाण्याचे किंवा टाळण्याचे कारण परंपरा स्वतः काय सांगते, हा दुसरा. या दोन्ही प्रश्नांची काही उत्तरे पदार्थांच्या नावांत दडलेली असतात. येथे आपण वाशीम जिल्ह्यातील कारंजा लाड हे गाव डोळ्यांसमोर ठेवणार आहोत. नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून दत्तभक्तांना आणि भट्टारकांची पीठे व हस्तलिखितांचे भांडार यांमुळे जैनांना ते सारखेच महत्त्वाचे आहे. एकाच पावसाळ्यात दोन परंपरांची ताटे येथे शेजारी शेजारी मांडली जातात, ही आपल्या दृष्टीने मोठी सोय आहे.

सण ऋतूला कसा बांधला गेला

चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असते आणि सौर वर्ष सुमारे ३६५ दिवसांचे. हा अकरा दिवसांचा फरक भरून काढला नाही, तर श्रावण सरकत सरकत उन्हाळ्यात जाईल. आपल्या पंचांगात साधारण ३२ ते ३३ महिन्यांनी अधिक मास येतो आणि सण पुन्हा आपल्या ऋतूत बसतात. त्यामुळे पदार्थ आणि हंगाम यांचे नाते शतकानुशतके टिकू शकले. हिजरी वर्षात अशी भर घातली जात नाही. रमजान सुमारे ३३ वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येतो. आता ईदच्या शीरखुर्म्याकडे पाहा. 'शीर' म्हणजे दूध आणि 'खुर्मा' म्हणजे खजूर, हे दोन्ही शब्द फारसी. दूध, शेवया, खारीक, सुकामेवा हे सारे साहित्य कोणत्याही महिन्यात मिळणारे आहे. याउलट भोगीची भाजी चैत्रात करून पाहा. ओला हरभरा आणि वालाच्या शेंगा कोठून आणाल?

संक्रांतीच्या बाबतीत तर सगळे पुरावे एका दिशेने बोलतात. तीळ हे खरिपाचे पीक; ते दिवाळीच्या आगेमागे घरात येते. ऊस थंडीत गाळला जातो आणि नवा गूळ तयार होतो. थंडीत जठराग्नी प्रबळ असतो, म्हणून स्निग्ध व पचायला जड अन्न घ्यावे, असे आयुर्वेदाच्या ऋतुचर्येत सांगितले आहे. 'तेल' हा शब्दच 'तैल' म्हणजे 'तिळापासून निघालेले' यावरून आला. पुढे करडई, जवस, शेंगदाणा, इतकेच काय, मातीचे तेलही या शब्दात सामावले. पण त्याच्या मुळाशी तीळच आहे. जाता जाता एक गोष्ट नोंदवावी. संक्रांतीला उत्तरायण सुरू होते असे आपण म्हणतो, मात्र सूर्य प्रत्यक्षात २२ डिसेंबरच्या सुमारासच उत्तरेकडे वळलेला असतो. अयनचलनामुळे तीन आठवड्यांचा हा फरक पडला आहे. तिळगुळाचे त्याने काही बिघडलेले नाही, कारण थंडी अद्याप असते.

आंबील आणि आयंबिल

भाद्रपदात ज्येष्ठा गौरी येतात. विदर्भात त्यांना महालक्ष्म्या म्हणतात. त्यांच्या नैवेद्यात पुरणपोळी आणि सोळा भाज्यांबरोबर ज्वारीची आंबील असते. खरिपाची ज्वारी तेव्हा शेतात उभी असते, म्हणजे आंबिलीसाठी कणगीतले जुने धान्यच वापरावे लागते. पावसाळ्यात अग्नी मंद होतो, म्हणून जुने धान्य आणि आंबट-खारट चवीचे अन्न घ्यावे, हा ऋतुचर्येतील सल्ला येथे सहज आठवतो.

आता या शब्दाकडे वळू. संस्कृत 'अम्ल', प्राकृत 'अंबिल', मराठी 'आंबील' अशी ही वाटचाल आहे; 'आंबट' आणि 'आंबवणे' हे याच कुळातील शब्द. जैन परंपरेत 'आयंबिल' नावाचे एक तप आहे. त्यात दिवसातून एकदाच, तूप-दूध-तेल-गूळ वर्ज्य करून नीरस अन्न घेतात. हा शब्द संस्कृत 'आचाम्ल'वरून आला असून त्यातही 'अम्ल' आहेच. म्हणजे आंबट पेज या एकाच कल्पनेपासून एके ठिकाणी देवीचा लाडका नैवेद्य झाला आणि दुसऱ्या ठिकाणी रसनेवर विजय मिळवण्याचे साधन. पदार्थाचा गुण एक, अर्थ दोन. 'आंबील पाचक असते' एवढेच सांगून थांबणाऱ्याच्या हातून यातील अर्धी गोष्ट सुटते.

एक दिवस, दोन स्वयंपाकघरे

भाद्रपद शुद्ध पंचमी हा दिवस या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. त्या दिवशी ऋषिपंचमी असते. बैलांच्या श्रमाने पिकलेले काही खायचे नाही, हा त्या व्रताचा नियम. म्हणून परसातली अळूची पाने, सुरण, रताळे, दोडका, भेंडी, लाल भोपळा, मक्याचे कणीस अशी भाजी शिजते. याच पंचमीला दिगंबर जैनांचे दशलक्षण पर्व सुरू होते आणि ते चतुर्दशीपर्यंत चालते. व्रतस्थ जैन घरात या काळात कंदमुळांना थारा नसतो, पालेभाज्याही टाळल्या जातात.

पाऊस तोच, गाव तेच, बाजारही तोच. पण एका घरात कंद आणि पाने हेच व्रताचे अन्न, तर दुसऱ्या घरात तेच वर्ज्य. ऋतू हेच एकमेव कारण असते, तर ही दोन ताटे एवढी वेगळी झाली नसती. फरक आहे तो परंपरेने स्वतः दिलेल्या कारणांत. जैन श्रावकाच्या मनात जीवहिंसेचा विचार असतो : पावसाळ्यात पानांवर आणि जमिनीत असंख्य सूक्ष्म जीव असतात, ते मरू नयेत. श्रावकाने कसे वागावे हे सांगणारा 'सावयधम्मदोहा' हा अपभ्रंश ग्रंथ हिरालाल जैन यांनी संपादित केला आणि तो १९३२ साली कारंज्याहूनच प्रसिद्ध झाला. तोही धर्माच्याच भाषेत बोलतो. 'गुरुचरित्रा'तील आचारधर्माच्या निरूपणात भोजनाचे नियम येतात तेही प्रामुख्याने शुचितेच्या अंगाने. ऋषिपंचमीच्या कथेत तर रजस्वला स्त्रीकडून घडलेल्या स्पर्शदोषाचे परिमार्जन हा विषय आहे. त्या कथेला आज 'आरोग्यशास्त्र' म्हणणे म्हणजे तिच्यातील स्त्रीविषयक धारणेवर पांघरूण घालणे होय. ते अभ्यासकाचे काम नव्हे.

कांदेनवमीतही असेच दोन धागे गुंतलेले आहेत. आषाढ शुद्ध नवमीला कांदा-वांग्याचे पदार्थ पोटभर खाऊन चातुर्मासापुरता त्यांचा निरोप घेतात. खंडोबाचे भक्त मार्गशीर्षात चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याच्या नैवेद्याने वांगे पुन्हा सुरू करतात. दमट हवेत साठवलेला कांदा कुजतो, हे खरे. पण धर्मशास्त्राने कांदा-लसूण निषिद्ध मानले ते बारमाही. ऋतूचा अनुभव आणि शास्त्राचा निषेध यांची येथे गाठ पडलेली दिसते.

फराळ

'फराळ' हा शब्द 'फलाहार' यावरून आला. उपवासाचा मूळ नियम धान्य टाळण्याचा होता आणि या नियमातील मोकळ्या जागेतून नवे पदार्थ आत आले. 'बटाटा' हे नाव पोर्तुगीजांकडून मिळाले. 'साबुदाणा' या शब्दातील 'साबु' हा मलाय भाषेतील 'सागू'. आणि आज आपण जो साबुदाणा खातो तो ज्या कंदापासून करतात, तो दक्षिण अमेरिकेतला आहे. शेंगदाणा आणि मिरचीही अमेरिकेतूनच आल्या. तेव्हा साबुदाण्याची खिचडी ऋषिमुनींनी आरोग्यासाठी नेमून दिली, हे म्हणणे शब्दांच्या इतिहासाला मान्य होणारे नाही. 'पोटाला विश्रांती' म्हणून तुपात परतलेल्या खिचडीच्या दोन बशा खाणाऱ्या सद्गृहस्थांविषयी काय बोलावे!

विनोद बाजूला ठेवू. उपवासांचा मोठा वाटा स्त्रिया उचलतात. 'हे शास्त्रीयच आहे' असे एकदा ठरले, की गर्भवतीने निर्जळी हरतालिका करावी का, मधुमेह असलेल्या आजीने औषध घेऊन एकादशी करावी का, हे प्रश्न विचारणेच अवघड होऊन बसते. व्रत म्हणून केलेल्या उपवासात सूट मागता येते. परंपरेनेही आजारी माणसाला ती दिली आहे. शास्त्राच्या नावाखाली लादलेल्या उपवासात सूट मागणारीच अडाणी ठरते.

क्षेत्रकार्य

आपल्या गावातील दोन वेगवेगळ्या समाजांच्या घरांत जाऊन भाद्रपद महिन्यात केल्या जाणाऱ्या आणि टाळल्या जाणाऱ्या पदार्थांची नावे टिपा. नाव ज्या उच्चारात ऐकाल, त्याच उच्चारात लिहा. प्रमाण मराठीत सुधारू नका. करंजीला कोणी कानोला म्हटले, तर कानोलाच लिहा. साहित्य त्या वेळी शेतातले, साठवणीतले की बाजारातले, हे विचारा. 'यामागे शास्त्र काय आहे?' असा प्रश्न आरंभी करू नका, कारण उत्तर त्या प्रश्नातच घातलेले असते. 'हे का करता?' एवढेच विचारा आणि जे सांगितले जाईल ते सांगणाऱ्याच्या शब्दांत नोंदवा. 'आमच्यात असंच करतात' एवढेच उत्तर मिळाले, तर तेही तसेच लिहून घ्या.