निळ्या पडद्यामागचा दुभाष्या

२० एप्रिल १९९८. शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात भरगच्च सभागृहापुढे ‘विंडोज ९८’चे प्रात्यक्षिक चालले होते. व्यासपीठावर साक्षात बिल गेट्स. नवे उपकरण जोडले की संगणक ते आपोआप ओळखतो, हे दाखवण्यासाठी त्यांच्या सहकाऱ्याने स्कॅनर जोडला आणि भल्या मोठ्या पडद्यावर निळा रंग पसरला. संगणक जागच्या जागी कोसळला होता! हशा-टाळ्या ओसरल्यावर गेट्स यांनी वेळ मारून नेली, की म्हणूनच तर हे अजून बाजारात आणलेले नाही.

खुद्द गेट्स यांची ही गत, तर आपल्या घरच्या संगणकाचे काय? मुलीच्या प्रकल्पाचे शेवटचे पान टाइप होत असताना, सोसायटीचा जमाखर्च अर्ध्यावर असताना निळा पडदा हजर. (विंडोज ११ मध्ये २०२५ पासून तो काळा झाला. रंग बदलला, दुखणे तेच.) आठवड्यात दोनदा असे झाले की घरात सल्ल्यांना ऊत येतो. शेजारी म्हणतात ‘व्हायरस असेल’, दुरुस्तीवाला म्हणतो ‘फॉरमॅट मारू’, आणि चिरंजीव संधी साधून म्हणतात ‘बाबा, नवाच घेऊ या ना!’ मग रॅम बदलून होते, एसएमपीएस बदलून होतो आणि चौथ्या दिवशी पुन्हा तेच. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरे काय!

पुष्कळदा आग लागलेली असते ती ‘ड्रायव्हर’मध्ये. हा गाडी हाकणारा ड्रायव्हर नव्हे, हा दुभाष्या. पडद्यावर चित्र उमटवणारे ग्राफिक्स कार्ड, वाय-फायची चकती, आवाजाची चकती यांची प्रत्येकाची भाषा निराळी, आणि विंडोजला ती येत नाही. म्हणून प्रत्येक उपकरणाचा निर्माता एक छोटा प्रोग्रॅम देतो, जो दोघांमध्ये बोलणे घडवून आणतो. आता देवळाची कल्पना करा. आपले लिहिण्याचे, गाण्यांचे, हिशेबाचे प्रोग्रॅम सभामंडपात असतात. तिथे कोणी धडपडले तर तेवढाच माणूस बाहेर जातो. यांतल्या बहुतेक ड्रायव्हरांना मात्र थेट गाभाऱ्यात प्रवेश. तिथे एखाद्याचा हात चुकीच्या जागी पडला, तर माहितीची नासधूस होऊ नये म्हणून विंडोज सारे देऊळच बंद करते. निळा पडदा म्हणजे ते कुलूप.

यात अतिशयोक्ती नाही. वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात ‘विंडोज एक्सपी’च्या त्या काळात नोंदवलेल्या बिघाडांपैकी ८५ टक्के ड्रायव्हरांमुळे झाल्याचा आकडा दिला आहे. त्यानंतर विंडोज पुष्कळ सुधारले. पण ते अपडेट होत राहते आणि दुभाष्या मात्र संगणक विकत घेतला त्या वर्षाचाच राहतो, तेव्हा बोलण्यात घोटाळे होणारच.

गुन्हेगार शोधायचा कसा? संगणक मरता मरता चिठ्ठी लिहून ठेवतो, ती वाचण्याचे कष्ट कोणी घेत नाही. पडदा आला की मोबाईलवर त्याचा फोटो काढावा. त्यावर इंग्रजीत कारण असते, कधी ‘एसवायएस’ने संपणारे फाइलचे नावही असते. मग स्टार्टच्या शोधपेटीत ‘रिलायबिलिटी’ हा शब्द इंग्रजीत टाइप करावा. दिवसवार आलेख उघडतो. तांबड्या फुल्या म्हणजे बिघाड, आणि कोणत्या दिवशी काय नवे बसवले तेही तिथेच. एवढ्या तारखा जुळवल्या तरी कितीदा उलगडा होतो. अधिक खोलात जायचे तर विंडोजच्या फोल्डरातल्या ‘मिनीडम्प’मध्ये प्रत्येक मृत्यूचा पंचनामा असतो आणि ‘ब्लूस्क्रीनव्ह्यू’ हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम तो वाचून दाखवतो.

इथे दोन चकवे आहेत. ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद दिसते आणि ‘पॉवर’ शब्द वाचून माणूस नवा एसएमपीएस आणतो. ती नोंद फक्त एवढेच सांगते की संगणक नीट बंद झाला नव्हता. का, ते नाही. दुसरा चकवा तारखेचा. ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये ड्रायव्हरची तारीख दिसते. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या कित्येक ड्रायव्हरांवर २१ जून २००६ असते. ती मुद्दाम जुनी ठेवलेली आहे, म्हणजे निर्मात्याचा ड्रायव्हर मिळताच विंडोज त्यालाच पसंती देईल. ती पाहून घाबरू नये.

संशयित सापडला की आधी फोटो, हिशेब, प्रकल्प वेगळ्या डिस्कवर उतरवावेत, मगच हात घालावा. ‘रिस्टोअर पॉइंट’ करून ठेवावा. नवा ड्रायव्हर लॅपटॉपच्या निर्मात्याच्या संकेतस्थळावरून, अचूक मॉडेल पाहून घ्यावा. ‘एका क्लिकमध्ये सारे अपडेट’ म्हणणाऱ्या फुकट्या प्रोग्रॅमांना दारातही उभे करू नये. एका वेळी एकच बदलावा आणि चार दिवस वाट पाहावी. पाच एकदम बदलले तर बरे कशाने वाटले हे कळणार नाही, आणि बिघडले तर तेही. फॉरमॅटचे तर विचारूच नका: दुरुस्तीवाला पुन्हा त्याच जुन्या पेनड्राइव्हवरून तेच ड्रायव्हर बसवतो, दुखणे परत येते आणि मुंजीचे फोटो तेवढे गेलेले असतात.

नवे ते सारे चांगले, असेही नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या एका सदोष फाइलमुळे तिचा गाभाऱ्यातला ड्रायव्हर कोलमडला आणि जगभरचे सुमारे ८५ लाख संगणक आडवे झाले. आपल्याकडेही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. म्हणून सुरळीत चालणाऱ्या ड्रायव्हरच्या वाटेला जाऊ नये, आणि नव्याने त्रास सुरू झाला तर ‘रोल बॅक’ करून जुन्याकडे परतावे. संगणक सुरूच होत नसेल तर ‘सेफ मोड’मध्ये उघडावा, तिथे अत्यावश्यक तेवढेच ड्रायव्हर हजर असतात.

दर वेळी निराळेच कारण दिसत असेल, तर मात्र रॅमची तपासणी करावी आणि पंख्यातली धूळ पाहावी. आणि जुन्या लॅपटॉपच्या वाय-फायसाठी निर्मात्याने नवा ड्रायव्हर काढणेच थांबवले असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमधून ते वाय-फाय बंद करून काहीशे रुपयांचे यूएसबी वाय-फाय खोचले तरी लॅपटॉप आणखी काही वर्षे काम देतो. चिरंजीवांची तेवढी निराशा होईल.